बिजलीचं जावळ

आबा, तुमचं बरोबर होतं! आधी हे एवढं लिहून टाकते, मग बाकीचं सांगते, कारण सकाळपासून मला हे कुणाला तरी ओरडून सांगायचंय आणि या घरात आपल्या बिजली घोडीला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुम्हाला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. मी नांदेडला असते, शाळेत शिकवायचे, ते सुटूनही जमाना झाला. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, आणि तरी आज सकाळी मी चहाचा कप तसाच ठेवून खुर्चीतून अशी उठले की सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, पाल पडली अंगावर.

झालं असं, की धाकटी नात उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. सुट्टीला आली की मोठ्यानं वाचून अभ्यास करते. पुस्तक इंग्रजी, पण मी शेजारी बसलेली असते म्हणून मधूनमधून मराठीत सांगते. आज म्हणाली, "आजी, म्हाताऱ्या घोड्यांना एक अजब आजार होतो. उन्हाळा आला तरी थंडीचे केस गळतच नाहीत, नुसते वाढत जातात." मी म्हटलं, "आणि पाणी फार पितात." ती थांबली. "हो." "पोट सुटतं, पाठ खाली जाते, डोळ्यांच्या वर फुगल्यासारखं दिसतं." तिनं पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "आणि गोड पोटात गेलं की खुरं तापतात." "आजी, तू हे कुठे वाचलंस?" मी कशाला वाचते! मी ते कंधारात आपल्या दारापुढच्या लिंबाखाली बघितलं होतं, दहा वर्षांची असताना. तेव्हा निजामाचं राज्य होतं, शाळेत आम्हाला उर्दू घोकायला लावायचे, आणि वरातीला घोडी पाहिजे म्हटलं की पंचक्रोशीतले लोक तुमच्याकडे यायचे.

नाव आहे त्याला, आबा. कुशिंग. कुणा साहेबाच्या नावावरून. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, म्हातारपणी ती वाढते आणि मग साऱ्या अंगाचं तंत्र बिघडवते. म्हणजे करणी नाही, नजर नाही, अमावस्येला जन्मल्याचा दोष नाही. लोक काय काय म्हणायचे आठवतं ना? आता त्यावर रोज एक गोळी देतात. तिनं बरं होत नाही, पण आटोक्यात राहतं. आणि गोळीखेरीज काय करायचं ते ती वाचायला लागली तेव्हा मी तिचा हात धरून म्हटलं, थांब, मी सांगते. केस कापायचे. हरभरा बंद, गूळ बंद. खुरं वरच्यावर तासायची. वैरण भिजवून, पाणी ओतून द्यायची. पोरीनं बोट ठेवून एकेक ताडून बघितलं. सगळं, आबा, एकूण एक! तुम्हाला ना पुस्तक, ना कॉलेज. सही करायची म्हणजे तुम्ही आधी दोनदा टाक झटकायचात.

वैरणीची तर गंमतच. तुम्ही कडबा बारीक तोडून दगडी डोणीत भिजत घालायचात, कारण बिजलीच्या दाढा झिजल्या होत्या. भिजलेलं पाणी गोडसर लागतं म्हणून आई ते म्हशीला पाजायची. पुस्तकात लिहिलंय की वैरण भिजवायची ती तिच्यातली साखर पाण्यात उतरून जावी म्हणून! तुम्ही दातांसाठी केलंत आणि औषध झालं, आणि बिजलीची साखर वर्षभर आपली म्हैस पीत होती. नात एवढी हसली की तिला ठसका लागला.

गुळाचं मात्र तुम्ही अंधारात तीर मारून शोधलं नव्हतं. ते तुम्ही नीट बघून काढलंत. लग्नाच्या दारात बिजली उभी राहिली की ओवाळणाऱ्या बाया तिला गूळ-हरभरे चारायच्या, आणि दोन-तीन दिवसांनी ती लंगडायची. दुसरे घोडेवाले म्हणायचे, वरातीत नाचवली म्हणून. तुम्ही एका लग्नात तिला चांगलं नाचू दिलंत आणि गुळाला तोंड लावू दिलं नाहीत, आणि दुसऱ्या लग्नात उलटं केलंत. मग घरी येऊन आईला म्हणालात, "नाचण्यानं कायबी होत न्हाई. गूळच हाय ह्यो." त्या दिवसापासून तिचा हरभऱ्याचा तोबरा खुंटीला. आज विद्यार्थी हेच करतात आणि त्याला प्रयोग म्हणतात.

आता मला तो वैशाख पुन्हा दिसायला लागलंय. बिजली पंचविशीला टेकलेली. अंगावर बोट बोट लांब केस, गळ्याखाली घामानं चिकटलेले, आणि ती लिंबाच्या सावलीत मान टाकून धापतेय. घागर लावली की घागर संपवतेय. नायगावहून मामा आलाय आणि पायरीवर बसून पान जमवत म्हणतोय, "दाजी, ही घोडी हाय का अस्वल? माझं ऐका, तिकडं इस्लापूरच्या जंगलात सोडून या. नदीला पानी हाय, चरंल, न्हाई तर वाघ हाय. तुमी तरी काय म्हणून जीव टाकून राहिले?" तुम्ही खरारा घेऊन उठता आणि तिला घासायला लागता. आई आतून ओरडते, "त्याच्या चहात साखर टाकू नको गं!"

पण मामाला एकट्याला बोल लावून काय उपयोग, सगळेच तसं म्हणायला लागले होते. अस्वलावर कोण नवरदेव बसवणार? आलेली माणसं तिला बघून परत जायची. फक्त पेठेतले वाणी, मूळचे उदगीरचे, ते हटून बसले. स्वतःच्या लग्नात ते बिजलीवर बसले होते आणि आता पोराचं लग्न होतं. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाले, "माझा संसार हिच्या पाठीवरून सुरू झाला. पोराचाबी तिथूनच होईल. दुसरी घोडी नक्को." ते गेल्यावर मामा म्हणाला, "ठीक हाय. वरातीत चालली तर राहू द्या. न्हाई तर मी सोता नेऊन सोडतो." आणि तुम्ही हो म्हणालात. पंधरा-वीस दिवसांत बिजलीचं काय ते ठरणार होतं.

तुम्ही म्हणालात, केसच काढून टाकू. न्हावी आला, बघितलं आणि धोपटी उचलून चालायला लागला. "मालक, नवरदेवाच्या घोडीचे केस? केस सुतकात उतरवत्यात. उद्या त्या पोराला कमीजास्त झालं तर खापर माझ्या डोक्यावर." गल्लीतल्या बायांचंही तेच. मुंडण केलेल्या घोडीवर नवरदेव! तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसलात आणि पहिल्यांदाच तुमचे खांदे पडलेले मी बघितले. आई भाकरी थापत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "जावळाचे न्हाई का उतरवत केस?"

"जावळ लेकराचं असतं. ही आज्जी हाय."

"काढलं होतं का कुणी हिचं जावळ? न्हाई ना? मग राहून गेलंय म्हनायचं."

तुम्ही तिच्याकडे बघतच राहिलात. तव्यावरची भाकरी करपली तरी कुणाला भान नाही. आबा, तुमच्या हुशारीचे गोडवे मी सकाळपासून गातेय, पण ही अक्कल आईची होती हेही आज लिहून ठेवते.

आणि मग काय जावळ झालं! असं कंधारात कुणी केलं नसेल. आई घरोघरी जाऊन आमंत्रण देऊन आली. दारात सडा, रांगोळी, बिजलीच्या कपाळाला हळदकुंकू. जावळ म्हटलं की मामाची मांडी पाहिजे, आणि ज्यानं जंगलात सोडायला सांगितलं त्याच मामाला आईनं पोत्यावर बसवलं. तो म्हणतोय, "अगं, मानसं हसतील!" ती म्हणतेय, "भाची हाय तुझी. बस." त्यानं हात पुढे केले आणि बिजलीनं खुशाल मान खाली घालून हनुवटी त्याच्या मांडीवर टेकवली, डोळे मिटले आणि त्याचं नवं धोतर लाळेनं भिजवलं. न्हाव्याच्या जागी धनगर, मेंढ्यांची कातर घेऊन. पहिली बट आईनं ताम्हणात घेतली. बायांनी पाळण्याची गाणी म्हटली, आधी हसत हसत आणि मग खरोखरच. चार डालगी केस निघाले. शेवटचा पुंजका पडला, वाऱ्याची झुळूक आली, आणि बिजलीनं नाकापासून शेपटीपर्यंत सगळी कातडी थरथरवली आणि चक्क दुडकत अंगणाला फेरी मारली! तुम्ही डोक्यावरचा पटका काढून हवेत उडवलात. तुम्हाला इतकं मोठ्यानं हसताना मी तेव्हाच बघितलं.

सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. तुम्ही बजावून ठेवलं होतं, "हिच्या तोंडाला गुळाचा वासबी लागू देऊ नका." उरलेली परात आईनं माझ्या हातात दिली, आत नेऊन ठेव म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिजली तापल्या तव्यावर उभी असल्यासारखी सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी होती. नालबंद चाचांनी खुरांना हात लावला आणि मागे घेतला. "मियाँ, खुराँ तो अंगार हो गए. क्या खिलाए इसकू?" तुम्ही म्हणालात, "कायबी न्हाई, चाचा. कसम." मग घरात येऊन विचारलंत. आईला, मामाला, मला. सगळे न्हाई म्हणाले. तुम्ही खिळा ठोकल्यासारखे उभे राहिलात आणि हळूच म्हणालात, "मग केसानंच झालं. देवानं दिलेलं पांघरून मी काढलं, ते तिच्या पायात उतरलं."

तरी तुम्ही हार मानली नाहीत. रोज उजाडताना तिला तळ्याच्या काठच्या गार चिखलात नेऊन उभी करायचात आणि स्वतःही गुडघाभर चिखलात तिच्या शेजारी उभे राहायचात. दहा-बारा दिवसांत ती पाऊल टाकायला लागली. पण पाठीवर माणूस घेणं शक्य नव्हतं, आणि ते सांगायला तुम्ही वाण्यांकडे गेलात तेव्हा परत आल्यावर मामा काय म्हणेल याचीच तयारी करून गेला होतात. वाणी म्हणाले, "पोरगा तिच्यावर बसला न्हाई तर चालंल. पन म्होरं बिजलीच चालंल." आणि तसंच झालं. रेशमासारखी चकचकीत, तुरा लावलेली बिजली सगळ्यांच्या पुढे, आणि नवरदेव तिच्या लगामाला हात लावून पायी. मशालीवाल्यांनीही रस्ता सोडला. मामा गर्दीत सगळ्यांना सांगत होता, "माझी भाची हाय ती!"

बिजली राहिली. पण पुढच्या वैशाखात केस पुन्हा वाढले आणि तुम्ही कातर लावू दिली नाहीत. कापा म्हणून आई म्हणाली, धनगर म्हणाला, चाचाही म्हणाले. तुम्ही एकच धरून बसलात, "एकदा शहानपना केला तेवढा बस." आई ओली पोती तिच्या पाठीवर टाकायची. त्या उन्हात ती गेली. त्यानंतर कुणी घोडं घेऊन सल्ल्याला आलं की तुम्ही म्हणायचात, "मला काय कळतंय त्यातलं," आणि माणूस परत जायचं. मरेपर्यंत तुम्ही तेच म्हणत राहिलात. म्हणून आज मला एवढं नाचावंसं वाटलं, आबा. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की केस कापल्यानं बरंच वाटतं. खुरं तापतात ती गोडानं.

नात सगळं ऐकून म्हणाली, "आजी, म्हणजे तिला कुणीतरी गूळ दिला असणार. पणजोबांना कुणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "कुणाला माहीत होतं बाई."

परातीत अर्धी ढेप तरी उरली होती. जिचं जावळ, सगळ्या गावाला गोड आणि तिलाच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी तो गूळ ओच्यात भरून बिजलीकडे नेला आणि ती खाऊन संपेपर्यंत तिच्याजवळ थांबले. शेवटी तिनं माझा तळवा चाटला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी आईच्या पाठीमागे उभी होते. पहिल्या दिवशी मार बसेल म्हणून बोलले नाही, पुढच्या वैशाखात तुम्ही कातर परत पाठवलीत तेव्हा उशीर झाला म्हणून बोलले नाही, आणि मग तुम्ही गेलात. तुमचा हात चुकला नव्हता, हे मला काही आज सकाळी कळलेलं नाही. नातीला हे वाचायला द्यावं म्हणून हा कागद तिच्या पुस्तकात ठेवायला उठले होते, पण ती आत अजून जागी आहे, तिच्या डोळ्यांदेखत ठेववेना, म्हणून परत येऊन बसलेय.