हेबर्लेंच्या दारावरची पाटी

रविवार, २ नोव्हेंबर

झाडलोटीची पाटी आज माझ्या दारावर आली; ती ज्याच्या दारावर लटकते, त्या आठवड्याची झाडलोट त्याची. खरं तर पाळी हेबर्लेंची होती. तळमजल्यावरचे हेबर्ले — वय शहाऐंशी, खुब्याचं ऑपरेशन होऊन गुरुवारीच घरी आले. ते आता आठवडाभर जिना झाडणार, तळघराच्या पायऱ्या पुसणार, दारापुढची पानं गोळा करणार? मीच मधल्या मजल्यावरच्या टिलमनला म्हटलं, यापुढे त्यांना वगळू, तुम्ही आणि मी आलटूनपालटून करू. "बरोबर आहे, वयाचा मान ठेवायलाच हवा," तो म्हणाला. त्याने पाटी खाली न नेता सरळ वर माझ्याकडे आणली. बरं वाटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

टपालपेटीपाशी हेबर्ले भेटले. मी नमस्कार केला. ते आपल्या रिकाम्या पेटीत बघत राहिले. ऐकू आलं नसेल — पण माझा रेडिओ बरा ऐकू येतो त्यांना, दोन मजले खाली!

शनिवार, ८ नोव्हेंबर

जिना पुसला. हेबर्ले दारात खुर्ची ओढून बसलेले, काठी मांडीवर. एकेक पायरी निरखत होते. जन्मभर ट्रामच्या कारखान्यात मुकादमकी केली, ती नजर कुठे जाणार! मी म्हटलं, "तुम्ही निवांत बसा आता. आम्ही आहोत ना."

"फोगेलबाई," म्हणाले, "मी आजारी होतो. मेलो नव्हतो."

आणि दार लावून घेतलं.

चांगलं करायला जावं तर ही तऱ्हा! सव्वीस वर्षांचा शेजार. माझ्या नवऱ्याला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा यांनीच गाडी काढली होती. संध्याकाळभर घरात येरझाऱ्या घातल्या. बटाट्याचं सॅलड केलं, ते तसंच राहिलं. माझं काय चुकलं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजही नमस्कार नाही. बसू देत फुगून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज मी दारापुढे ओल्या पानांवरून घसरले. या आठवड्यात पाळी टिलमनकडे, आणि पानं तशीच पडलेली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हे डाव्या हाताने लिहितेय, कोंबडीचे पाय उमटलेत नुसते.

टिलमनची बायको स्वेन्या सूप घेऊन आली. गुणी पोर आहे. म्हणाली, "पाटीची काळजी करू नका. ती आता आमच्याच दारावर राहील. तुम्ही दोघा म्हाताऱ्यांनी फक्त आराम करायचा."

तुम्ही दोघा! ते शहाऐंशीचे, मी एकोणसत्तरची. बसवलं एका पंगतीत.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळपासून चैन नाही. मला कोणी विचारलं? पाटी नको असं मी कधी म्हटलं? मनातल्या मनात स्वेन्याशी दहादा भांडले. अकराव्यांदा भांडताना ध्यानात आलं — हेबर्लेंना तरी कोणी विचारलं होतं? मी नाही विचारलं. मान देते म्हणता म्हणता त्यांना घरातून वजाच केलं की मी. फार लाज वाटली.

संध्याकाळी खाली गेले. टिलमनच्या दारावरची पाटी काढली आणि हेबर्लेंच्या दारावर लावली. घंटी वाजवायचा धीर झाला नाही. मागून टिलमन आला. "अहो, ते पडलेबिडले तर?"

"पडतील," मी म्हटलं. "मीही पडले."

शनिवार, २२ नोव्हेंबर

हेबर्लेंनी जिना झाडला. बसून. एका पायरीवर टेकायचं, लहान ब्रशने वरची झाडायची, मग दुसरीवर सरकायचं. अडीच तास लागले. मी वर कठड्यापाशी उभी. हात शिवशिवत होता, तोही प्लास्टरमधला! पाचव्या पायरीच्या कोपऱ्यात धूळ राहिली. राहू दे. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

उद्या पाटी माझ्याकडे यायची. पण टिलमन त्यांना सांगताना ऐकलं, "तुम्ही वर चढू नका. पाटी आमच्याकडे द्या, फोगेलबाईंचा हात मोडलाय." हेबर्लेंचं दार लागल्याचा आवाज आला. म्हणजे मीही वजा झाले. करावं तसं भरावं. तोंड कडू झालंय.

रविवार, २३ नोव्हेंबर

घंटी वाजली. दारात हेबर्ले — दोन मजले चढून आलेले, धापा टाकत, काखेत पाटी. माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. पाटी दारावर अडकवली, बोटाने सरळ केली.

"नमस्कार, फोगेलबाई. उद्यापासून तुमची पाळी. आणि गेल्या खेपेला तळघराच्या पायऱ्यांचे कोपरे राहिले होते."