चाराच्या भिंगातला शनी

आदरणीय थोरले साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे. उभ्यानेच घ्या.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? आक्कांचा खोकला थांबला का? इकडे ही ठणठणीत आहे. मला मात्र रविवारपासून छातीत धडधडतंय. घाबरू नका, धडधड आनंदाची आहे. थोडी भीतीची आहे, पण ती मागाहून सांगतो. आधी आनंदाची बातमी: साडूभाऊ, मी अख्ख्या इमारतीला शनीचं कडं दाखवलं.

घर बदलताना तुम्ही तुमची दुर्बीण मला दिलीत, तेव्हापासून माझा सगळा जीव गच्चीच्या किल्लीत अडकला होता. ती आमच्या सेक्रेटरीकडे असते. वर पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही, पण तो ती किल्ली तिजोरीची असल्यासारखी जपतो. फार मागे लागलो तेव्हा म्हणाला, रविवारी सगळ्यांना शनीचं कडं दाखवा. दिसलं तर किल्ली कायमची तुमची, नाही दिसलं तर दुर्बीण घरात पडद्याची दांडी म्हणून लावा. हे तो जिन्यात, चार बायकांसमोर बोलला. मग मला झोप कुठली लागायला?

आता डोळा लावायचं जे बारकं भिंग असतं, आयपीस, त्यावर आकडा असतो. तुमच्या डब्यात पंचविसाचं होतं आणि फोनवर तुम्ही तेच पुरे म्हणालात. पण वस्तू फुकट मिळाली की वाटतंच, खरा ऐवज देणाऱ्याने ठेवून घेतला असणार. (राग मानू नका, आता तसं वाटत नाही.) म्हणून दुकानात जाऊन मी शंभराचं मागितलं. माझा जन्म शिलाई मशीनवर गेला. सुईचा नंबर मोठा तर सुई जाड, चष्म्याचा नंबर मोठा तर काच जाड, तेव्हा भिंगाचंही तेच असणार. दुकानदार म्हणाला, काका, इथे उलटं असतं, आकडा लहान तेवढं मोठं दिसतं. मी म्हटलं, मग एकाचं द्या. एकाचं नव्हतं, चाराचं होतं. ते नका घेऊ, म्हणाला, अंधुक दिसेल आणि जरा हवा हलली की चित्र थरथरेल. हवा हलते म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. घेऊन टाकलं.

रविवारी दिवेलागणीला सगळी बिऱ्हाडं गच्चीवर. चाराच्या भिंगात शनी सापडता सापडेना, सापडला की पळे. घामाघूम झालो. सेक्रेटरी खिशातली किल्ली वाजवत होता. शेवटी बाजूची फोकसची चकती जोरात फिरवली आणि काय सांगू, हे एवढं कडं. गोल, पिवळसर, मधोमध काळंभोर भोक. चकती आणखी फिरवली की कडं आणखी मोठं. मग काय, ज्याला जेवढं हवं तेवढं करून दिलं, जसा कमरेत अर्धा इंच सैल सोडावा. तळमजल्यावरच्या आजींना बेताचं, सेक्रेटरीला परातीएवढं. त्याने विचारलं, कड्याला आतून या चार रेघा कसल्या? मी म्हटलं, टेकू आहेत, नाहीतर एवढं कडं राहील कसं. त्याला पटलं. त्याने सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि मला डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

आता भीतीची गोष्ट. सगळे खाली गेल्यावर तुमच्या मेहुणीने डोळा लावला आणि चकती उलटी फिरवली. कडं लहान लहान होत पार मिटलं, उरला थरथरता डाग. मला वाटलं, हिने शनी मोडला. ही शांतपणे म्हणाली, "अहो, हे कडं नव्हतं. नुसतं चित्र अंधुक झालेलं होतं, आणि त्या चार रेघा दुर्बिणीच्या तोंडातल्या आरशाच्या दांड्यांच्या. सुईत दोरा ओवताना चष्मा नसला की तुम्हाला भोक असंच दिसतं." मग तिने तुमचं पंचविसाचं भिंग लावलं, बराच वेळ बघत राहिली आणि मला पुढे ओढलं. मी डोळा लावला. साडूभाऊ, तांदळाच्या दाण्याएवढा शनी, आणि त्याला खरंखुरं, नखाने काढल्यासारखं कडं. हात लागला तर निघून येईल असं. मी तिथेच टाकीला टेकून खाली बसलो.

आक्कांना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. खरं काम राहिलं. येत्या रविवारी सेक्रेटरीचे व्याही शनी बघायला येणार आहेत आणि त्यांना परातीएवढं कडं कबूल झालंय. तांदूळ दाखवला तर किल्ली जाईल. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत, तुमचा शब्द चालतो. तेव्हा शनी मागच्या आठवड्यात फार जवळ आला होता, आता लांब गेलाय, असं सेक्रेटरीला फोनवर सांगाल का?

दुसरा ता. क. फोन करू नका. हिने पत्र वाचलं. म्हणाली, मी सोमवारीच सगळ्यांना वर नेऊन खरा शनी दाखवला, तुम्ही तेव्हा कंबर शेकत होतात. सेक्रेटरी दोनदा रांगेत लागला म्हणे. किल्ली आता हिच्या नावावर झाली आहे आणि मला वर जायचं तर विचारून जावं लागतं.

तिसरा ता. क. ही वरून हाका मारते आहे. शनीच्या बाजूला आणखी एक बारीक ठिपका दिसतोय म्हणे, भिंग पुसलं तरी जात नाही. तो काय असेल ते उलट टपाली कळवा. मी जिना चढतोय.