काळूच्या झोपडीची कडी

१३ फेब्रुवारी १९९६

आज पुन्हा पंच झालो! पोलीस ठाण्यात पंचनाम्यावर सही हवी असली की गोरक्ष हवालदार थेट माझ्या टेबलाशी येतो. सरकारी नोकराची सही कोर्टात वजनदार म्हणे. आजवर कशाकशावर केली — गावठी दारू, विहिरीवरच्या मोटारी, एकदा तर बकरी.

आजचं प्रकरण मात्र वाईट. कारभारी पाटलांची सहा वर्षांची सायली, त्यांच्याच द्राक्षबागेत मारून टाकलेली सापडली. बागेत कामाला सुरगाण्याकडून आलेले दोघे भाऊ धरलेत — काळू आणि सोमा. फौजदार म्हणाले, "काळूने झोपडीतून कोयता काढून दिला, तुमच्यासमक्ष." माझ्यासमक्ष! मी तर ठाण्याच्या बाकावर भजी खात होतो. कोयता आधीच टेबलावर. नवाकोरा, मुठीला शहरातल्या रविवार कारंजावरच्या कुठल्याशा दुकानाची चिठ्ठी. गोरक्षने नखाने खरवडली आणि माझ्या हातात दिली — "बाहेर टाका, भाऊसाहेब."

टाकली नाही. इथेच खाली चिकटवतो. खात्याची कलाकुसर जपायला नको?

सही केली. भजी बरी होती.

२ मार्च १९९८

कोर्टात साक्ष झाली. काय रंगली! सांगितलं — काळू पुढे, आम्ही मागे. त्याने दाराची कडी काढली, आत वाकला, छपरातून कोयता ओढला. कडी माझी स्वतःची हं! पंचनाम्यात नाही. पण कडीशिवाय चित्रच उभं राहीना.

आरोपींचा वकील सरकारनेच दिलेला. घड्याळाकडे बघत दोन प्रश्न — पोलिसांशी ओळख आहे? नाही. खोटं बोलताय? नाही. उतरा खाली. याला म्हणतात उलटतपासणी!

मागून काळू हात वर करून काहीतरी म्हणायला लागला. शिपायाने दटावून बसवला.

२० मार्च १९९८

दोघांना जन्मठेप. निकालात माझ्यावर चार ओळी! 'कडी काढल्यासारखा बारीक तपशील रचून सांगितलेला वाटत नाही, साक्ष स्वाभाविक आहे.' ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

२१ मार्च १९९८

कारभारी पाटील घरी द्राक्षांची पेटी ठेवून गेले. "तुमच्यामुळं पोरीला न्याय मिळाला," म्हणाले आणि रडले. द्राक्षं गोड निघाली.

९ जून २००२

रविवार. दारात काळूची बायको, फुलाबाई. पत्ता कुठून काढला कोण जाणे. आमची ही "आत या" म्हणाली, पण ती उंबऱ्याबाहेरच बसली. वाटलं, शिव्या देईल. त्या परवडल्या असत्या.

"सोमा गेला जेलात, मागल्या थंडीत. टीबी झालता. आमचं मानूस हाय अजून. वकीलबाई म्हनती, अपील बाकी हाय. साहेब, येकच इचारायचं व्हतं. तुमी आमच्या झोपडीत आलते ना? मंग दार कुन्या तोंडाला व्हतं?"

"पूर्वेला," मी म्हणालो. सरकारी नोकर कुठे अडतो!

ती म्हणाली, "दारच नवतं साहेब. गोणपाट टांगेल व्हतं. त्याला कडी कशी लावायची?"

पाणी पिऊन गेली. कोर्टात काळू हेच सांगत होता. हात वर करून.

१० जून २००२

झोप नाही. ही म्हणते, "पेन्शनला चौदा महिने राहिलेत, आता हे कुठे उकरता?" बरोबर आहे तिचं.

पाणी तापवायला बंब पेटवला तेव्हा ही वही हातात होती. जाळायला आत कोंबायची म्हणून पान उघडलं तर समोर ती चिठ्ठी. पिवळी पडलीय, दुकानाचं नाव अजून वाचता येतं. धीटपणाने थांबलो असं लिहिणार नाही. ते नाव वाचत बसलो, तोवर बंब विझला.

सोमाचा तर चेहराही आठवत नाही मला. आणि ज्याने सायलीला मारलं तो सहा वर्षं कुठेतरी मोकळा जेवतोय. त्याला माझ्याइतका उपयोगी माणूस दुसरा भेटला नसेल! लाज वाटते. साधा शब्द आहे, आजवर या वहीत आला नव्हता.

१७ जून २००२

काळूचं अपील बघणाऱ्या पल्लवी वकीलबाईंच्या ऑफिसात. कोयता, चिठ्ठी, कडी — सगळं लिहून दिलं, ही वहीही दिली. "तुमच्यावरही केस होईल," त्या म्हणाल्या. होऊ दे. वही मिळाल्याच्या कागदावर दोन साक्षीदार हवेत म्हणून त्यांच्या कारकुनाने खालच्या चहाच्या टपरीवरून दोघांना धरून आणलं. त्यातला एक बसायच्या आधीच पेन काढून तयार — "कुठं करू सही?"

एवढं लिहायला वही दोन मिनिटं परत मागून घेतली आहे. त्याला म्हटलं, थांब. आधी वाच. पहिल्या पानापासून.