कानाने लावलेला गेन

प्रिय धाकट्या,

काल दुपारी तुझी बायको माझ्या दुकानात आली होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच. बस म्हटलं तर बसली नाही. उभ्या उभ्याच सांगत होती, की रविवारी गाड्यांच्या मेळाव्यात तू सगळ्यांसमोर सबवूफर लावून दाखवणार आहेस. शोरूमचे मालक स्वतः येणार आहेत. त्यांना पटलं तर त्यांच्या सगळ्या नव्या गाड्यांचं काम तुला, नाही पटलं तर दुकानाचं शटर कायमचं खाली. हे सांगताना ती रडली नाही. एवढंच विचारलं, की वर्षभर तुझ्या हातचे स्पीकर एकामागून एक का जळतायत. तू म्हणतोस कंपनीचा मालच हलका येतो. तिला ते पटत नाही. फोनवर हल्ली तुला निम्मं कळत नाही आणि समोर आलो तर तू पाठ फिरवशील, म्हणून मी पत्र लिहितो असं तिला कबूल केलं.

तेव्हा आधी कामाचं. रविवारच्या गाडीतले ते दोन बारा इंची सबवूफर मला माहीत आहेत, विकणाऱ्याने ते आधी मलाच दाखवले होते. प्रत्येकाची खरी ताकद पाचशे वॉट. खोक्यावर दोन हजार छापलंय, ते खोक्यासाठी. त्यांना तू सहाशे वॉटचा ॲम्प्लिफायर जोडणार, कारण तुला वाटतं ॲम्प लहान म्हणजे स्पीकर सुरक्षित. निम्मा बाजार असंच समजतो. अरे, लहान ॲम्पला त्याच्या दमाबाहेर ओरडायला लावलं की आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाजच स्पीकरच्या आतली तारेची कॉइल तापवत राहतो. त्यापेक्षा हजाराचा ॲम्प घे. दोन्ही सबच्या दोन-दोन अशा चारही कॉइल एकत्र जोडल्या की भार एक ओहमवर येतो, तेव्हा तो एक ओहमला टिकणारा आहे का, तेवढं बघून घे. तेही जमत नसेल तर आहे तोच ठेव, जोडणी आहे तशी राहू दे, पण ॲम्पवरचा गेन व्होल्टमीटर लावून बसव. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नाही, हे तुला मीच शिकवलंय. रेडिओकडून जेवढं येतं आणि ॲम्पला जेवढं पेलतं, त्यांचा मेळ घालायचा तो स्क्रू आहे. तो कानाने लावू नकोस. निदान तू तरी नको.

तुला हे झोंबणार, ठाऊक आहे. तू नवं दुकान उघडलंस त्या दिवशी मी दुकानातलं सगळं काम टाकून आलो होतो, नवा शर्ट घालून. कुणीतरी विचारलं, दोघा भावांत उस्ताद कोण. तू हातातला चहाचा कप खाली न ठेवता म्हणालास, "दादा तारा जोडतो. आवाज मी लावतो." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, तुझ्या पाठीवर थापही मारली. मी जुने रेडिओ उघडून, भंगारातले स्पीकर सांधून धंदा उभा केला, त्यात तुला हाताशी धरून वाढवलं, आणि माझी सगळी ओळख तू एका वाक्यात गुंडाळलीस. त्यानंतर माझी निम्मी गिऱ्हाइकं तुझ्याकडे गेली. जाताना तेच वाक्य मला ऐकवून गेली, गंमत म्हणून.

दीड वर्षापूर्वी, मावशीच्या मुलीच्या लग्नातून तू गाडी काढलीस. वळणावर इंडिकेटर दिलास आणि वळून झाल्यावरही तो टिकटिकत राहिला. काच खाली होती. मी फाटकाशी उभा होतो, मला टिकटिक ऐकू येत होती. तुझ्या मांडीपासून हातभर अंतरावर ती वाजत होती आणि तुला पत्ता नव्हता. त्याच दिवशी जेवताना तुझी पोरगी मागून तीनदा "बाबा" म्हणाली होती. तू वळलास चौथ्यांदा, तिने सदरा ओढल्यावर. बायकांना वाटलं तू तंद्रीत आहेस. मी घास तोंडात तसाच धरून बघत राहिलो. बारीक, वरचा आवाज तुझ्या कानातून गेला होता. बंद गाडीत वीस वर्षं डोकं घालून बसल्यावर जायचाच. जाड आवाज छातीत धडधडतो, म्हणून तुला वाटतं सगळं ऐकू येतंय. पण आवाज फाटतो तो वरच्या अंगाला, धाकट्या. तुझ्यापुरता तो फाटतच नाही.

कानाच्या डॉक्टरकडे जा, एवढं सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

पुढे तू स्वतःच आलास. आठवतं? एक पांढरी गाडी घेऊन, माझ्या दारात. खाली मान घालून म्हणालास, "दादा, नुसतं ऐक. फाटतंय का?" तुझ्या मनात शंका आली होती, आणि ती विचारायला जगात तुला मीच सापडलो. आवाज तर रस्त्यापलीकडूनच फाटका ऐकू आला होता, ओल्या कापडाच्या चिंध्या कराव्यात तसा. मी गाडीत बसलो, डोळे मिटले, तुला हवा होता तेवढा वेळ घेतला. मग म्हणालो, "झकास. थोडा वाढव अजून." तू वाढवलास. तुझा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. तेव्हापासून तू शंका घ्यायचं सोडलंस, आणि तेव्हापासून तुझे स्पीकर माझ्याकडे कॉइल बदलायला येतात. आतापर्यंत अकरा आले. झाकण उघडलं की जळक्या लाखेचा वास येतो. मी गिऱ्हाइकाला चहा पाजतो आणि म्हणतो, चूक मालाची असणार, पुन्हा त्याच्याकडूनच लावून घ्या, त्याच्यासारखा कान या धंद्यात नाही. लोक माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करतात.

तुझी बायकोही काल जाताना तेच म्हणाली. पाया पडली. दादा, तुमचं ते नक्की ऐकतील, म्हणाली. ऐकशील, यात मलाही शंका नाही. मीटर लावलास तर रविवारी काही जळणार नाही, मालक खूश होतील आणि तुझ्या कानाचं कुणाला कळणारही नाही. आज गुरुवार. उद्या सकाळी हे पाकीट तुझ्या हातात पडू शकतं. पत्र टाकलं, असं मी तिला फोन करून सांगणार आहे, म्हणजे ती निर्धास्त राहील. पण ते राहील माझ्या खिशात. रविवारी मी पुढेच उभा असेन. धूर निघाल्यावर, मालक गाडीत बसून निघून गेल्यावर, माणसं पांगल्यावर मी तुझ्याजवळ येईन, पाठीवर हात ठेवीन आणि हे पाकीट तुझ्या हातात देईन. तू उगाच मालाला दोष देत आयुष्य काढू नयेस, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. आता पत्रातला तो गुरुवार पुन्हा बघ, आणि मग वर मान करून माझ्याकडे बघ.

तुझाच,
दादा