आठ घटक, क्रमानेच

४ जुलै
रोजनिशी, माफ कर. मागची नोंद गेल्या वर्षीच्या २ ऑगस्टची आहे आणि ती 'उद्यापासून रोज लिहायचं' एवढीच आहे. म्हणजे अकरा महिने गप्प. अकरा महिने दोन दिवस. सबब देणार नाही. पेन सापडत नव्हतं हे खरं, पण ते पहिल्या आठवड्यापुरतंच.

आज विद्यापीठाचं पत्र आलं. एम.ए.चे माझे पाच पेपर बावीस वर्षांपूर्वीच सुटले आहेत. सहावा, 'जागतिक नाटक : प्राचीन ते आधुनिक', तेवढा राहिला, मग वजनमापे खात्यात निरीक्षकाची नोकरी लागली आणि राहिला तो राहिलाच. आता जुन्या अभ्यासक्रमाच्या लोकांना एप्रिलमध्ये शेवटची संधी. नाही सुटला तर आधीचे पाचही रद्द.

धमकी आहे ही. मी धमक्यांना भीक घालत नाही. फॉर्म भरला.

८ जुलै, सकाळी १०
कॉलेजने तासांना बसायची परवानगी दिली. सकाळी साडेसात ते साडेआठ, मग ऑफिस. खोली क्रमांक चौदा. बाकात गुडघे मावत नाहीत. मी आत शिरलो तशी सगळी मुलं उभी राहिली. त्यांना मी प्राध्यापक वाटलो. गैरसमज ताबडतोब दूर करायला हवा होता. चारेक सेकंद केला नाही.

शिकवणाऱ्या बाई कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होत्या. माझ्या नोट्स नेल्या होत्या. ओळख पटल्यावर म्हणाल्या, परत केल्या होत्या ना हो मी? हो म्हणालो. केल्या नव्हत्या.

एकूण आठ घटक : ग्रीक, रोमन, संस्कृत, मध्ययुगीन, आणि असं करत शेवटी आधुनिक. नऊ महिने हातात. महिन्याला एक घटक, उजळणीला एक महिना शिल्लक. लोक उगाच घाबरतात.

१२ जुलै
ही म्हणाली, अहो, आधी जुने पेपर तर बघा. काय विचारतात ते कळेल. मी म्हणालो, प्रश्न बघून वाचणं म्हणजे वाचणं नव्हे. दुकानदाराचा काटा तपासताना मी आधी तो शून्यावर आणतो, मग वजन ठेवतो. नाटक समजायचं तर जिथे सुरू झालं तिथूनच समजायला हवं. पहिलं पुरतं कळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावणार नाही.

ही म्हणाली, आणि पहिलंच कळलं नाही तर? हिच्या बोलण्यात हा एक खवचटपणा असतो. ती दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांना 'थांबा' सांगून माणूस असा होत असेल.

३० जुलै
ग्रीक, पान १८. वर्ग रोममध्ये गेला. मी बाईंना सांगितलं की मी अजून निघालेलो नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही मागाहून या, आपण पुढे जाऊया का? वर्ग हसला. हसू दे. घाईत असलेल्या पिढीबद्दल मला राग नाही, कीव आहे. (थोडा राग आहे.)

१८ ऑगस्ट, रविवार
अडचण लक्षात आली. कोरस म्हणजे ते पंधरा जणांचं गाणारं-नाचणारं टोळकं नेमकं कुठून आत येतं आणि कुठे उभं राहतं, हे डोळ्यांसमोर आल्याशिवाय पुढचं एक वाक्य समजत नाही. म्हणून प्राचीन ग्रीक रंगमंचाचं थर्माकोलचं मॉडेल करायला घेतलं. जेवणाच्या टेबलावर. दोन दिवसांचं काम.

९ सप्टेंबर
मॉडेलच्या प्रेक्षकांच्या पायऱ्या चुकल्या होत्या. उतरवल्या. घरातले सगळे सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवतात. लेक नववीत आहे. तिने विचारलं, बाबा, आपण अजून ग्रीसमध्येच का? मी शांतपणे सांगितलं की ग्रीस पाया आहे. ती म्हणाली, मग टेबल पाया नाही का?

हे हिने शिकवलेलं दिसतं.

२ ऑक्टोबर, पहाटे ५.४०
नटांचे मुखवटे. मुखवट्यातून आवाज कसा येतो हे माहीत नसताना संवादांवर मत देणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. कागदाच्या लगद्याचा केला. पहाटे गच्चीवर जाऊन तो लावून मोठ्याने वाचलं. वॉचमन जिन्यावरून वर आला आणि तसाच खाली गेला. नंतर सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. मी म्हणालो, विद्यापीठाचा अभ्यास आहे. ते म्हणाले, साहेब, विद्यापीठात जाऊन करा की.

मुखवट्याचं वजन ऑफिसच्या प्रमाणित काट्यावर ४१२ ग्रॅम भरलं. खाजगी कामासाठी सरकारी काटा वापरला, म्हणून रजिस्टरमध्ये तशी नोंद केली. आमच्या साहेबांनी नोंद वाचली. दोनदा वाचली.

२१ ऑक्टोबर
ग्रीक संपत आलं. (पान ६१. एकूण पानं १९४.) इथून पुढचा मार्ग ठरवायला बसलो आणि खरा प्रश्न समोर आला : रोमन आधी की संस्कृत? पुस्तकांत तारखांवर एकमत नाही. अभ्यासक्रमात रोमन आधी छापलंय, पण कशाच्या आधारावर? विद्यापीठाला सविस्तर पत्र लिहिलं, चार पानी, दोन परिशिष्टं. उत्तर येईपर्यंत पुढे जाणं योग्य नाही. तोवर ग्रीक पहिल्यापासून पुन्हा.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पेपरात कुठलंही आधी लिहिलं तरी चालतं हो. मुद्दा हा नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. शेवटी माझ्याच नोट्सवर शिकलेल्या आहेत.

२९ ऑक्टोबर
आणलेल्या पुस्तकांच्या चळतीतलं सर्वांत खालचं, म्हणजे आठव्या घटकाचं, हिने नेलं. म्हणाली, नुसतं धूळ खातंय, दवाखान्यात पेशंट नसले की चाळते. मी सांगितलं की ते शेवटचं आहे, आधीचं काही न वाचता त्यात तुला काही कळणार नाही. ती म्हणाली, बघू तर.

नाउमेद करायचं नाही असं ठरवलं.

१५ नोव्हेंबर
कपड्यांच्या घड्या घालता घालता ही त्या आधुनिक नाटकांबद्दल बोलायला लागली. मी थांबवलं. क्रम बिघडेल. ती म्हणाली, मी तुम्हाला कुठे सांगतेय, मी कपड्यांना सांगतेय. आणि बोलतच राहिली. म्हणाली, चार माणसं एका खोलीत बसतात, चहाबद्दल बोलतात, खिडकीबद्दल बोलतात, आणि जे बोलायचं असतं ते कुणी काढतच नाही. शेवटी पडदा पडतो आणि ते तिथेच राहतं. जुन्या नाटकात कुणीतरी येऊन ओरडून सगळं सांगायचं ना? तुमचं ते टोळकं? इथे टोळकं नाही. ते काम बघणाऱ्यावर टाकलंय.

मी कानांवर उशी धरली होती. उशी पातळ आहे.

१२ डिसेंबर
ट्युटोरियल. प्रत्येकाला पाच मिनिटं. मी चाळीस मागितली, दहा मिळाली. ग्रीक नगरीची भूमी, वारा, दगडाचा प्रकार आणि पायऱ्यांचा कोन सांगून झाला. कोरस आत यायच्या बेतात असताना घंटा झाली. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली, काका, त्यांना बाहेरच उभं ठेवलंत हो. तेव्हापासून वर्गात माझं नाव कोरसकाका.

अभिमानाने घेतो.

२० जानेवारी
ही आठवा, सातवा आणि सहावा घटक संपवून पाचव्यावर आली. उलट्या क्रमाने. हे म्हणजे जिना उतरताना घर बांधणं. तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, शेवट माहीत असला की पुढचा माणूस का असा वागतो ते कळतं, दवाखान्यात मी रिपोर्ट आधी वाचते आणि मग पेशंटचा चेहरा बघते. मी म्हणालो, ते नियमात बसत नाही. ती म्हणाली, रिपोर्ट वाचणंही बसत नाही, पण डॉक्टर मलाच विचारतात.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं : मला हेवा वाटतो का? उत्तर : नाही. पुन्हा विचारलं. उत्तर उद्या लिहीन.

२६ फेब्रुवारी
विद्यापीठाचं उत्तर आलं. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे.' म्हणजे माझ्या शंकेत तथ्य आहे हे मान्य झालं. लढाई अर्धी जिंकली.

ग्रीक, पान १०३ (दुसरं वाचन).

३० मार्च
परीक्षेला एकोणीस दिवस. घटक सात बाकी. एका घटकाला दोन पूर्णांक सात दशांश दिवस. हे गणित शक्यतेच्या कक्षेत आहे. नवं वेळापत्रक रंगीत पेनांनी आखलं. त्यात एक दिवस गेला. नवा भागाकार : दोन पूर्णांक सहा. चालेल.

ही म्हणाली, मी सांगते ना तुम्हाला, एका बैठकीत एक घटक, रोज संध्याकाळी. तुम्ही नुसतं ऐका. मी म्हणालो, पदवी माझी आहे, कान माझे आहेत, ऐकीव माहितीवर मी कधी कुणाच्या काट्यावर शिक्का मारलेला नाही. ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

१८ एप्रिल, दुपारी ३
पेपर झाला. पाचातले चार प्रश्न लिहिले. पाचव्याला वेळ उरला नाही, पण चार भक्कम. पहिला प्रश्न तर माझाच : 'ग्रीक नाटकातील कोरसचे कार्य स्पष्ट करून आधुनिक नाटकाशी तुलना करा.' पुरवण्या चार घेतल्या. तुलना हा भाग शेवटच्या दोन ओळींत बसवला. मूळ नीट मांडलं की तुलना वाचणाऱ्याला आपोआप सुचते.

आधुनिक नाटकाच्या प्रश्नाला नाइलाजाने थोडं लिहिलं. जे आठवलं ते.

वर्गातल्या मुलांनी गेटवर विचारलं, काका, कसा गेला? मी म्हणालो, निकाल विद्यापीठाने काळजीपूर्वक लावला तर बघा.

२१ जून
३७. उत्तीर्ण व्हायला ४०.

तपासणीत दोष आहे. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली चूक पकडली, हीही पकडीन. लेकीला सांगितलं की तीन गुण म्हणजे काट्याच्या चुकीच्या मर्यादेत येतात. ती म्हणाली, बाबा, तुम्ही दुकानदाराला असं म्हणू देता?

४ जुलै
छायाप्रत आली. गुणांची बेरीज बरोबर आहे. दोनदा केली.

पहिला प्रश्न, कोरस : वीसपैकी ६. नवव्या पानाच्या समासात परीक्षकाने लिहिलंय, 'मुद्द्यावर या.' अकराव्या पानावर नुसतीच रेघ. मध्ययुगीन ९, फ्रेंच ८. हे दोन्ही परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचलेले.

आधुनिक नाटक : १४. सव्वा पान. समासात : 'स्वतंत्र निरीक्षण. छान.'

ते वाक्य कुठलं ते बघितलं. 'जे बोलायचं ते पात्रं काढत नाहीत. ओरडून सांगणारं टोळकं आता उरलेलं नाही, ते काम प्रेक्षकावर टाकलेलं आहे.'

परीक्षक आधुनिक विचारांचा असणार. पूर्वग्रह. फेरतपासणीचा मसुदा तीनदा लिहिला, तीनदा फाडला. स्वतंत्र निरीक्षण होतं, पण माझं नव्हतं. परीक्षेला बसलेल्या माणसाने आपलं नसलेलं लिहिलं, आणि तेवढ्यानेच त्याची लाज थोडी राखली. हे निरीक्षकाच्या भाषेत काय आहे ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

छायाप्रत कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवली. नंतर लक्षात आलं की कपडे कोण घड्या घालून ठेवतं.

६ जुलै, संध्याकाळी
लपवायचं नाही असं ठरवलं आणि स्वतःच हिच्या हातात दिली. तिने समास वाचला. आधी सहा वाचले, मग चौदा. आणि खिडकीबद्दल बोलली. म्हणाली, पडदे धुवायला झालेत.

मग म्हणाली, वीसपैकी चौदा?

हो म्हणालो. आणि ते वाक्य तुझं आहे, हेही म्हणालो.

ती म्हणाली, माहितीये. उशी पातळ होती. आणि म्हणाली, या वर्षी मी प्रवेश घेते. बी.ए. आहे माझं, चालतं ना? नवा अभ्यासक्रम आहे, चौकशी केलीये मी. तुमच्या बाई म्हणाल्या, आता आधुनिकपासून सुरुवात करतात, प्राचीन नाटक ऐच्छिक ठेवलंय. सकाळचा तास करून मी दवाखान्यात वेळेवर पोचते.

ऐच्छिक. तो शब्द मी मनातल्या मनात दोनदा वाचला.

माझे पाच पेपर रद्द झाले. एम.ए. करायचं तर आता पुन्हा सुरुवातीपासून. एका अर्थी विद्यापीठाने माझंच म्हणणं मान्य केलं, हे मी हिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, तुम्हीही या ना. मी तुमच्यासाठी शेजारी जागा धरते, फक्त गुडघे आवरा.

बघू. ऐकीव माहितीवर निर्णय घेत नाही. थर्माकोलचं मॉडेल उचलून गच्चीवर ठेवलं. आज टेबलावर जेवलो, तिघेही.

उद्या : कॉलेजच्या खिडकीवरून हिचा प्रवेश अर्ज आणणे.