दौलतसिंगच्या गुडघ्याचं अपील

ती. सेवादासभाऊ यांस (मु. कामरगाव),

अनसिंगच्या तांड्यावरून दौलतसिंगचा जय सेवालाल. तुमचं बीपी, वहिनींची दाढ आणि तुमची म्हैस, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. (म्हशीचं आधी विचारणार होतो, पण पत्र वहिनी वाचून दाखवतात.)

माझा डावा गुडघा तुम्ही जाणताच. पलटणीत असताना चौकीवरून घसरून मी दरीत गेलो, तेव्हा वर ओढणारे हवालदार तुम्हीच. त्या गुडघ्याला सरकारने पंधरा टक्के अपंगत्व दिलं. पेन्शनला वीस लागतात. मालेगावात एका गोदामावर चौकीदारीला गेलो, तर शेठ म्हणाले, लंगडा माणूस चोरामागे काय धावणार? म्हणजे नोकरी मागायला गेलं की मी पुरता लंगडा, आणि पेन्शन मागायला गेलं की थोडासाच. म्हणून अपील केलं.

वैद्यकीय मंडळापुढे जाताना घरवाली तुळसाबाईने बजावलं होतं, “घरी चालता तसंच तिथं चाला, उगा रुबाब दाखवू नका.” मी काठी धरून कण्हत बसलो (खरंच कण्हत होतो, बसने हाडं खिळखिळी केली होती). तेवढ्यात कर्नल डॉक्टर आत आले. भाऊ, पुढचं मी केलं नाही, माझ्या पायांनी केलं. काठी सुटली, छाती पुढे आली आणि डावा पाय असा कडक आपटला की टेबलावरचा चहा सांडला. सॅल्यूटचं तर विचारूच नका. साहेब खूश! “शाबास जवान, पाय एकदम फिट,” म्हणाले आणि तसंच लिहूनही टाकलं.

बाहेर जिन्यावर गुडघ्याने दगा दिला. पायरीवर बसकण मारली, डोळ्यांत पाणी आलं. साहेब शेजारून जेवायला गेले, तेव्हा पुन्हा सावधान व्हायला गेलो आणि उठताच येईना. पण तोवर शिक्का बसला होता.

घरी तुळसाबाईसमोरही हात आपोआप सॅल्यूटला गेला. ती म्हणाली, “पाय कायले आपटला? आता मले सलाम ठोकून राह्यले, त्यानं चूल पेटते का?” तिचंही बरोबरच आहे.

बाकी इकडे सगळं बरं.

आपला,
दौलतसिंग

ता. क. : दुसरं अपील लागलं आहे. तुम्ही सोबत याच. साक्ष नको, पुरावा नको. नुसते माझ्यामागे उभे राहा, आणि साहेब आत आले की हळूच ‘विश्राम’ म्हणा. पलटणीत हा पाय तुमच्याच आवाजाला मानायचा.

ता. क. दुसरा : निवृत्तीच्या दिवशी हार घातले, पेढे वाटले, भाषणही झालं. ‘विश्राम’ म्हणायचं तेवढं सगळे विसरले. मी अजून तसाच उभा आहे, भाऊ.