अनुभव : नऊ वर्षे

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र बसून वाच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो असा आपला रिवाज आहे, आणि या वेळी मला वाक्य पुरे करायचे आहे.

मे आणि जून असे दोन महिने मी परदेशात जाणार आहे. तिथल्या एका अनाथालयात स्वयंसेवक म्हणून. इथली एक संस्था दर उन्हाळ्यात अशी माणसे पाठवते आणि तिकीटही तीच काढते. बावीस जणांनी अर्ज केले होते. सहा निवडले, त्यांत मी आहे. बाकीचे पाच कॉलेजात शिकतात, आठवी पास मी एकटा. अर्ज तीनदा कच्चा लिहिला, मग शब्दकोश शेजारी ठेवून पक्का केला.

सुतारीच्या दुकानातून रजा मिळाली. मिस्त्री म्हणाले, इथल्या खुर्च्या अजून डुगडुगतात आणि हा निघाला जगाच्या खुर्च्या सरळ करायला. पण रजेच्या कागदावर सही करताना त्यांनी स्वतःचा लहान रंधा माझ्या पिशवीत टाकला, म्हणजे राग नसावा. पासपोर्ट आला. दोन लसी टोचून झाल्या, दुसरीने दंड सुजला होता, आता बरा आहे. रंधा आणि पटाशी विमानात हातातल्या पिशवीत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत चालतात. हे तीन माणसांना विचारले. तिघांनी एकच सांगितले, तरी चौथ्याला विचारणार आहे.

एकच कागद राहिला आहे. घरातल्या मोठ्या माणसाने एक पत्र लिहून द्यायचे, सोबत एक छापील फॉर्म आहे. उमेदवार कसा वाढला, स्वभाव कसा, मुलांत राहायला योग्य आहे का, असे प्रश्न आहेत. घरातले मोठे माणूस तूच. दहा एप्रिलच्या आत हवे. फॉर्म सोबत जोडला आहे.

लोभ असावा, राग बेताचा असावा, ही विनंती.

तुझा धाकटा


१२ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद आणि एक चपराक.

बसूनच वाचलं. वाचून उठले, भांडी घासली, परत बसले आणि परत वाचलं. मजकूर काही बदलला नाही.

तुला वेड लागलंय का? ज्या फाटकातून मी तुला बाहेर काढलं, तसल्याच दुसऱ्या फाटकात तू आपल्या पायांनी जाणार? तू चार वर्षांचा होतास आणि मी नऊची, तेव्हा आपल्याला तिथं ठेवलं. नऊ वर्षं काढली तिथं. मी अठराची झाले त्या दिवशी एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात तू, अशी बाहेर पडले. तुझी शाळा तेव्हाच सुटली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण मागं वळून बघायचं नाही हे आपलं ठरलं होतं.

उन्हाळी पाहुणे विसरलास? दर सुट्टीत यायचे, गाणी शिकवायचे, फोटो काढायचे. त्या चष्मेवालीनं तुला शीळ घालायला शिकवलं. सहा आठवडे तू तिच्या मांडीवरून उतरला नाहीस. जाताना म्हणाली, पत्र लिहीन. पुढं वर्षभर पोस्टमन आला की तू फाटकाशी हजर. पोस्टमनच बिचारा तुला बघून सायकल लांबून न्यायला लागला. आता तू कुणाच्या पोराला फाटकाशी बसवून येणार आहेस, ते सांग.

आणि पत्र मी काय लिहू? सासरी मी सांगितलंय की आपल्याला मामानं वाढवलं. ह्यांना खरं ठाऊक आहे, सासूबाईंना नाही. तो मामा कधी जन्मालाच आला नाही, पण सासूबाई त्याला जेवायला बोलवा म्हणून मागं लागल्या, तेव्हा तीन वर्षांपूर्वी मला त्याला मारावं लागलं. त्यांच्या घरात उद्या तुझ्या संस्थेचा फोन आला तर? सात वर्षं मी हे घर जपलंय.

तेव्हा पत्र मिळणार नाही. फॉर्म परत पाठवतेय. जेवत जा.

लोभ आहेच, तो काही तू मागायला नको.

ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. तू नाही म्हणालीस तरी मी जाणार आहे. असे वाक्य तुला प्रथमच लिहीत आहे.

चष्मेवाली मला आठवते. तिच्यावर माझा राग नाही, पण मी तिच्यासारखा जात नाही. तुला आणखी एक पाहुणा आठवतो का? आठवणार नाही, तो मुलींच्या बाजूला आलाच नाही. आमच्या न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती. मोठी मुले मुद्दाम दार ढकलून हसायची. मी अंघोळ करताना एक हात दारावर ठेवायचो आणि एका हाताने पाणी घ्यायचो. त्या माणसाने एका सकाळी मला दाराशी उभे केले आणि हात वर करायला सांगितला. जिथे हात पोचला तिथे पेन्सिलने खूण केली आणि तिथेच कडी बसवली. मोठ्यांना वाकावे लागायचे. त्याने गाणे शिकवले नाही, माझे नाव विचारले नाही. त्याचा चेहराही आठवत नाही. दोन हातांनी अंघोळ केली ते आठवते. ताई, मला ते काम करायचे आहे.

आता एक घोटाळा झाला आहे. अर्जात एक रकाना होता, ‘अनाथालयातील अनुभव, वर्षे’. मी नऊ लिहिले. खरेच आहेत ना नऊ? काल संस्थेच्या कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, एवढा अनुभवी कार्यकर्ता आम्हाला आजवर मिळाला नव्हता, तुम्हाला सहा जणांचे प्रमुख केले आहे, वीस मुलांचे खेळ आणि गाणी तुम्ही बसवायची. मी आभारी आहे म्हणालो आणि फोन ठेवला. घाबरलो होतो. मी लिहिले ते खरे आहे, पण त्यांनी वाचले ते नाही. उद्या जाऊन सांगणार आहे.

लोभ असावा. या पत्राचा राग आला तर तोही चालेल.

तुझा धाकटा


२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगून आलो. स्वच्छ सदरा घातला होता. म्हणालो, मी तिथे कामाला नव्हतो, वाढायला होतो.

 बाईंचा आवाज मऊ झाला. तू तो आवाज ओळखशील, डोक्यावरून हात फिरवण्याच्या आधीचा. म्हणाल्या, अशा मुलांना परत तिथे गेले की फार त्रास होतो, समितीला फेरविचार करावा लागेल. मी म्हणालो, मी सव्वीस वर्षांचा आहे, मुलगा नाही, आणि मी त्रास करून घ्यायला जात नाही, दुरुस्तीला जातो. मग बरोबर नेलेला कागद टेबलावर ठेवला. त्यात लिहिले होते की मी गाणी शिकवणार नाही, फोटो काढू देणार नाही, काम नसेल तेव्हा मुलांच्या खोल्यांपासून लांब राहीन आणि कुणाला परत येण्याचा शब्द देणार नाही. मोडके असेल ते सगळे मला द्यावे. बाई म्हणाल्या, स्वयंसेवक आम्हाला अटी घालत नाहीत. मी म्हणालो, म्हणूनच कड्या बसत नाहीत. हे मी कसे बोललो मला ठाऊक नाही. 

आता सगळे घरच्या पत्रावर ठेवले आहे. नसले तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. फॉर्म पुन्हा जोडतो. पण ताई, मामा नको. त्याच्या नावाने मिळाले तर मी जाणार नाही. खरे लिहिणार असशील तरच लिही. नाही जमले तर कोरा परत पाठव, एक शब्दही बोलणार नाही. तुझ्या घराची किंमत मला कळते.

लोभ असावा.

तुझा धाकटा


८ एप्रिल

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

मामावाली तीन पत्रं लिहिली. तीनदा फाडली. मेलेला माणूस फार लबाड लिहितो.

चौथं पत्र मी स्वयंपाकघरात बसून लिहायला घेतलं, दुपारी, सगळ्यांसमोर. सासूबाई भाजी निवडत होत्या. विचारलं, कुणाला एवढं लिहितेस? मी सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर फाटकापासून पेटीपर्यंत सगळं आलं. त्या भाजी निवडतच राहिल्या, देठंसुद्धा भांड्यात गेली. मग म्हणाल्या, आणि तो मामा? म्हटलं, नव्हताच. तर म्हणाल्या, त्याच्यासाठी मी दोन दिवस गोड खाल्लं नव्हतं. बाकी सगळं राहिलं बाजूला, त्यांना तेच लागलं. चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. मीही म्हटलं, नका बोलू. सात वर्षं मी जपून बोलले, आता थोडे दिवस तुम्ही जपून गप्प बसा. आमचे हे खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसून आले.

पत्र पोस्टानं पाठवलं नाही. काल पहाटेची बस धरून तुझ्या गावात आले आणि त्या बाईंच्या हातात दिलं. तुझ्याकडे आले नाही, परतीची बस दीडची होती आणि तुला बघून मी पुन्हा नाही म्हटलं असतं. बाईंनी माझ्याशीही मऊ आवाज काढला. मी म्हटलं, आवाज आहे तसाच ठेवा, कागद वाचा. त्यांनी दोनदा वाचला आणि शिक्का मारला. प्रमुखपण कॉलेजातल्या एका मुलीला दिलंय, तिला गाणी येतात. तुझ्या अटी त्यांनी फाईलला लावल्यात. तिकडून उत्तर आलंय की एकतीस खाटा आहेत आणि त्यातल्या अकरा हलतात.

तू जातोयस ते मला अजून पटलेलं नाही. पण तुला अडवायचा हक्क कुण्या समितीला नाही. तो माझा होता आणि मी तो वापरत नाही.

फॉर्ममध्ये काय लिहिलं ते तुला कळायला हवं. स्वभाव: हट्टी, भित्रा, दिलेलं काम पुरं करतो. मुलांत राहायला योग्य: त्यालाच विचारा, तो खोटं बोलत नाही. शेवटचा प्रश्न होता, उमेदवाराला कोणी वाढवलं. पुढं दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं, ‘मी.’ आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारली, म्हणजे तिथं दुसऱ्या कुणाला काही लिहिता येऊ नये.

ताई